विजेच्या तारा आणि पेशीची साक्ष

मुंबईत घोड्यांच्या ट्रामच्या जागी विजेची ट्राम आणण्याचे घाटू लागले, तेव्हा त्या वार्तेने सर्वांत अधिक चिंताग्रस्त झाली ती कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी तेथे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून होत होत्या. रस्त्यातून विजेचा प्रवाह वाहू लागला, की त्याभोवती निर्माण होणारे चुंबकीय क्षेत्र वेधशाळेतील नाजूक सुयांना विचलित करणार आणि अनेक दशकांच्या नोंदींची परंपरा खंडित होणार, हे संचालक मूस यांनी वेळीच ओळखले. म्हणून १९०४ साली अलिबागच्या किनाऱ्यावर, लोखंडाचा वापर कटाक्षाने टाळून बांधलेल्या वास्तूत नवी वेधशाळा सुरू झाली. दोन्ही ठिकाणच्या नोंदी काही काळ ताडून पाहिल्या गेल्या आणि १९०७ मध्ये विजेची ट्राम धावू लागली, तेव्हा वेधशाळेने आपले बिऱ्हाड हलविलेले होते.

विजेच्या तारेभोवतीचे क्षेत्र सुईला कळते, याविषयी तेव्हापासून कोणालाच शंका नाही. प्रश्न आहे तो सजीव पेशीचा. ज्या देहात अब्जावधी पेशी अहोरात्र आपापले काम करीत असतात, त्या देहाभोवती आज घरातल्या तारा, पंखे, शीतकपाटे, रस्त्याच्या कडेची रोहित्रे आणि डोंगर ओलांडून येणाऱ्या उच्चदाब वाहिन्या यांचे अदृश्य जाळे पसरले आहे. पेशीला त्याची जाणीव होते काय? होत असल्यास अपाय होतो काय? गेल्या अर्धशतकात या प्रश्नाने अनेक देशांतील शास्त्रज्ञांना, न्यायालयांना आणि आईबापांना बेचैन केले. आपल्याकडेही वस्तीजवळून नवी वाहिनी जाणार म्हटले की हाच प्रश्न उपस्थित होतो आणि त्याला उत्तर मिळते ते एक तर भयगंडाचे किंवा उडवाउडवीचे. ही दोन्ही उत्तरे चुकीची आहेत, असे आमचे मत आहे. ते का, हे थोड्या विस्ताराने सांगणे अवश्य आहे.

प्रथम शब्दांचा गोंधळ दूर केला पाहिजे. आपल्या घरातील वीज सेकंदाला पन्नास वेळा आपली दिशा बदलून पुन्हा मूळ स्थितीला येते; अमेरिकेत ती साठ वेळा बदलते. या संथ वारंवारतेच्या क्षेत्रांना अल्प वारंवारतेची विद्युत्-चुंबकीय क्षेत्रे म्हणतात. त्यांची तरंगलांबी सहा हजार किलोमीटर भरते. क्ष-किरण किंवा किरणोत्सर्ग यांच्याशी त्यांची तुलना करणे हे समुद्राच्या भरती-ओहोटीची तुलना बंदुकीच्या गोळीशी करण्यासारखे आहे. क्ष-किरणाचा एकेक कण रेणूतील बंध तोडू शकतो आणि गुणसूत्रांना इजा करू शकतो. पन्नास वारंवारतेच्या क्षेत्रातील ऊर्जेचा कण हा रासायनिक बंध तोडण्यास लागणाऱ्या ऊर्जेच्या मानाने लाखो कोटी पटींनी क्षीण असतो. मोबाइल मनोऱ्यांच्या लहरी या दोहोंच्या मधल्या. त्यांचा विचार स्वतंत्रपणेच करावा लागतो. तेव्हा ‘रेडिएशन’ या एकाच शब्दाच्या पोत्यात या तिन्ही गोष्टी भरून त्यावर चर्चा करणे हा विचाराचा आळस होय.

याचा अर्थ पेशी विजेच्या बाबतीत बधिर आहे असा मात्र नव्हे. उलट पेशी ही स्वतःच विजेवर चालते. बेडकाच्या पायाचे स्नायू विजेने आखडतात हे गॅल्व्हानी या इटालियन वैद्याने अठराव्या शतकाच्या अखेरीस दाखविले आणि १७९१ मध्ये आपला प्रबंध प्रसिद्ध केला. विसाव्या शतकात हॉजकिन आणि हक्सली यांनी माकूळ या सागरी प्राण्याच्या जाड मज्जातंतूवर प्रयोग करून, सोडियम आणि पोटॅशियम यांच्या भारित कणांच्या ये-जा करण्याने मज्जेतील संदेश कसा वाहतो, याचे गणितच १९५२ मध्ये मांडले. विश्रांत मज्जापेशीच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूंत सुमारे ७० मिलिव्होल्टचा फरक असतो. हा आकडा क्षुद्र वाटतो. परंतु पेशीभोवतीचे पटल इतके पातळ असते, की त्या पटलाच्या आतील क्षेत्र दर मीटरला सुमारे एक कोटी व्होल्ट इतके प्रखर भरते. त्या पटलात असलेली प्रथिनांची सूक्ष्म दारे दाबातील फरकानुसार उघडतात आणि मिटतात. अशा यंत्रणेवर बाहेरच्या क्षेत्राचा परिणाम होत असेल, ही कल्पना म्हणूनच मुळीच हास्यास्पद नाही. ती तपासून पाहण्याजोगी होती आणि शास्त्रज्ञांनी ती तपासली.

त्या तपासणीची पहिली पायरी म्हणजे साधा हिशेब. चुंबकीय क्षेत्राचे माप टेस्ला या एककात करतात. त्याच्या दहा लाखाव्या भागाला मायक्रोटेस्ला म्हणतात. पृथ्वीचे स्थिर चुंबकीय क्षेत्र आपल्या भागात सुमारे ४० मायक्रोटेस्ला आहे. सर्वसामान्य घरातील विजेचे क्षेत्र बहुधा एक मायक्रोटेस्लाच्या दशांशाच्या आसपास असते. उच्चदाब वाहिनीच्या थेट खाली ते वीसपर्यंत जाऊ शकते. केस वाळविण्याच्या यंत्राच्या अगदी लगत ते शेकड्यांतही जाते, पण हातभर दूर गेले की झपाट्याने उतरते. आता समजा, एक मायक्रोटेस्लाचे क्षेत्र मनुष्याच्या धडातून गेले. त्याने शरीरात उत्पन्न होणारे विद्युत् क्षेत्र दर मीटरला सुमारे सोळा मायक्रोव्होल्ट भरते. त्यामुळे एखाद्या पेशीच्या पटलावरील दाबात पडणारी भर ही त्या पटलाच्या स्वतःच्या दाबाच्या तीस कोटींव्या भागाएवढी असते. तारेचे विद्युत् क्षेत्र तर शरीराच्या पृष्ठभागावरच बव्हंशी अडते. आतील भागात त्याचा अत्यल्प अंश पोहोचतो.

येल विद्यापीठातील पदार्थवैज्ञानिक रॉबर्ट अडेअर यांनी १९९१ मध्ये याच हिशेबाच्या आधारे एक मर्मभेदी आक्षेप घेतला. शरीराच्या उष्णतेमुळे पेशीतील रेणू आणि भारित कण क्षणोक्षणी एकमेकांवर आदळत असतात. त्या धडपडीने पेशीपटलावरचा दाब आपोआपच खालीवर होत असतो आणि ती हालचाल घरगुती क्षेत्राने होणाऱ्या फरकापेक्षा शेकडो, हजारो पटींनी मोठी असते. जत्रेच्या कोलाहलात कोणी दूरवर कुजबुजले, तर ती कुजबुज ऐकू यावी कशी, असा हा प्रश्न आहे.

तथापि निसर्ग आपल्या हिशेबाला नेहमीच बांधलेला नसतो, हेही नमूद केले पाहिजे. आपल्या किनाऱ्यावर मिळणाऱ्या मोरी आणि वागळी यांच्या जातकुळीतील माशांवर काल्मिन या डच शास्त्रज्ञाने केलेले प्रयोग १९७१ मध्ये प्रसिद्ध झाले. वाळूत दडलेल्या भक्ष्याच्या शरीरातून निघणारे क्षीण विद्युत् क्षेत्र हे मासे ओळखतात, हे त्याने सिद्ध केले. मोरीच्या जातीची ही संवेदना इतकी तीव्र, की एक व्होल्टचा दाब दोन हजार किलोमीटर अंतरावर, म्हणजे गोव्यापासून दिल्लीच्याही पलीकडे पसरला, तरी तो उतार तिला जाणवावा. पण हे तिला साधते कसे? तिच्या तोंडाभोवती चिकट द्रवाने भरलेल्या लांब नलिका असतात आणि त्यांच्या टोकाशी हजारो ग्राहक पेशी एकत्र येऊन त्या मंद संदेशाची बेरीज करतात. म्हणजे कोलाहलातील कुजबुज ऐकण्यासाठी निसर्गाने खास कान घडविला आहे आणि तोही अत्यंत संथ क्षेत्रांसाठी. मानवी शरीरात असा अवयव आढळलेला नाही. सुट्या पेशीला ही किमया साधत असेल, तर ती कशी, हे दाखविण्याची जबाबदारी दावा करणाऱ्यावरच येते.

क्षेत्र पुरेसे प्रबळ असेल तर परिणाम होतो, यात मात्र वाद नाही. फ्रेंच शास्त्रज्ञ दार्सोन्व्हाल याने १८९६ मध्ये दाखविले, की प्रबळ प्रत्यावर्ती चुंबकीय क्षेत्रात डोके ठेवले असता मिटल्या डोळ्यांपुढे प्रकाशाचे लुकलुकणे दिसते. त्यासाठी सुमारे पाच हजार मायक्रोटेस्ला क्षेत्र लागते. न जुळणाऱ्या हाडांवर क्षेत्राचे ठोके देऊन ती सांधण्याचा उपचार कोलंबिया विद्यापीठातील अँड्र्यू बॅसेट यांनी प्रचारात आणला व १९७९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला मान्यता दिली. या उपचाराचा उपयोग कितपत होतो, याबद्दल शल्यविशारदांत मतभेद आहेत. पण त्यातील क्षेत्रे घरगुती क्षेत्रांहून कितीतरी प्रबळ असतात, हे विसरता कामा नये. सर्वसामान्य नागरिकांसाठी आंतरराष्ट्रीय आयोगाने १९९८ मध्ये पन्नास वारंवारतेच्या क्षेत्राला १०० मायक्रोटेस्ला आणि २०१० मध्ये २०० मायक्रोटेस्ला अशी जी मर्यादा सुचविली, ती मज्जा आणि डोळा यांवरील अशा तत्काळ परिणामांवर आधारलेली आहे.

मग भीती आली कोठून? ती आली अमेरिकेतील डेन्व्हर शहरातून. नॅन्सी वर्थायमर आणि एड लीपर यांनी १९७९ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. कर्करोगाने दगावलेल्या मुलांची घरे आणि इतर मुलांची घरे यांची त्यांनी तुलना केली, तेव्हा जास्त प्रवाह वाहून नेणाऱ्या तारांजवळच्या घरांत अशा मुलांचे प्रमाण अधिक दिसले. त्यांनी क्षेत्र मोजले नव्हते. तारांची जाडी आणि अंतर पाहून अंदाज बांधला होता. तरीही या निबंधाने पुढील चार दशकांच्या संशोधनाला चालना दिली. १९९३ मध्ये स्वीडनमधील अभ्यासाने या संशयाला बळ दिले. १९९७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने रक्ताच्या कर्करोगाच्या ६३८ मुलांचा अभ्यास करून, प्रत्यक्ष घरांत मोजमाप घेऊन, संशयाला फारसा आधार सापडत नसल्याचे सांगितले. २००० साली नऊ अभ्यासांची आकडेवारी एकत्र केली गेली. निष्कर्ष असा निघाला, की ०.४ मायक्रोटेस्लापेक्षा कमी क्षेत्रात राहणाऱ्या मुलांना काही धोका दिसत नाही आणि शंभरांतील नव्याण्णवांहून अधिक मुले याच वर्गात येतात. त्याहून जास्त क्षेत्रात राहणाऱ्या मुलांत रक्ताच्या कर्करोगाचे प्रमाण मात्र दुप्पट आढळले. पण त्या वर्गात रुग्ण मुले होती अवघी ४४ आणि निरोगी मुले ६२. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००२ मध्ये या क्षेत्रांना ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात घातले ते या आकड्यांच्या आधारे. ‘कदाचित’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. याच गटात कॉफी अनेक वर्षे होती. २०१६ मध्ये तिची तेथून मुक्तता झाली.

आकड्यांतून निर्माण झालेल्या अशा संशयाचा निकाल पेशीच्या साक्षीनेच लागावयाचा. आणि नेमकी तेथेच या शास्त्राची कसोटी लागली. बाविन आणि अॅडे यांनी १९७६ मध्ये कोंबडीच्या पिलाच्या मेंदूतील ऊतकांवर क्षीण क्षेत्राचा प्रयोग केला व त्यातून बाहेर पडणाऱ्या कॅल्शियमचे प्रमाण बदलते असे सांगितले. कॅल्शियम हा पेशीतील अनेक आज्ञांचा वाहक असल्याने हा शोध खळबळजनक ठरला. पुढे गुडमन आणि हेंडरसन यांनी मानवी पेशींत, कर्करोगाशी संबंधित असलेल्या एका जनुकाची हालचाल क्षेत्रामुळे वाढते असे जाहीर केले. परंतु १९९५ मध्ये अमेरिकेतील आणि केंब्रिजमधील दोन स्वतंत्र प्रयोगशाळांनी तोच प्रयोग काटेकोरपणे करून पाहिला, तेव्हा त्यांना तो परिणाम दिसला नाही. त्याहून वाईट गोष्ट १९९९ मध्ये घडली. कॅल्शियम आणि रक्तपेशी यांच्यासंबंधी १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन निबंधांतील आकडे खोटे असल्याचा निर्णय अमेरिकेच्या वैज्ञानिक सचोटीची देखरेख करणाऱ्या सरकारी कार्यालयाने दिला. सगळेच संशोधक अप्रामाणिक होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण एका प्रयोगशाळेत बोलणारी पेशी दुसऱ्या प्रयोगशाळेत मौन धरते, तेव्हा ती साक्ष कोणत्याही न्यायासनापुढे टिकत नाही.

याला जोड मिळाली ती ऑक्सफर्डच्या संशोधकांच्या कामाची. उच्चदाब वाहिनीपासून दोनशे मीटरच्या आत जन्मलेल्या मुलांत रक्ताच्या कर्करोगाचे प्रमाण अधिक आहे, असे त्यांनी २००५ मध्ये दाखविले. परंतु ही वाढ सहाशे मीटरपर्यंत पसरलेली दिसली आणि इतक्या दूर वाहिनीचे क्षेत्र घरातील इतर क्षेत्रांत हरवून जाते. पुढे २०१४ मध्ये त्यांनीच अधिक वर्षांची माहिती घेतली, तेव्हा ही वाढ १९६० आणि १९७० च्या दशकांत दिसत होती आणि नंतरच्या दशकांत ओसरली, असे आढळले. वाहिन्या तर तशाच राहिल्या. क्षेत्रच जर रोगाचे कारण असते, तर क्षेत्र कायम असताना रोग का ओसरावा? तेव्हा तारांजवळ राहणाऱ्या लोकांच्या जीवनमानात, वस्तीच्या रचनेत किंवा अन्य काही बाबींत याचे कारण दडले असावे, असा तर्क करण्यास जागा आहे.

पण मग प्रश्न मिटला असे म्हणावे काय? आम्ही तसे म्हणणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये केलेल्या हिशेबानुसार, हा संबंध खरा मानला तरी जगभरातील बालकांच्या रक्ताच्या कर्करोगाचे वर्षाला १०० ते २४०० रुग्ण त्याच्या खात्यावर जमा होतात. एकूण रुग्णांच्या शेकडा पाचांहूनही कमी. संख्या लहान आहे; परंतु ज्या घरातील मूल आजारी पडते, त्या घराला शेकडेवारीने सांत्वन मिळत नाही. म्हणूनच त्या संघटनेने मध्यममार्ग सुचविला. मनाला येईल त्या आकड्यावर कायद्याची मर्यादा आणणे समर्थनीय नाही, पण नवी वाहिनी आखताना, नवी वस्ती वसविताना, अल्प खर्चात क्षेत्र कमी करता येत असेल तर ते करावे, असे तिचे म्हणणे आहे. तारांची मांडणी परस्परांचे क्षेत्र मारेल अशी करणे, शाळेचा वर्ग किंवा पाळणाघर रोहित्राच्या भिंतीला लागून न ठेवणे, या गोष्टींना काय मोठा खर्च येतो?

आपल्या गोमंतकात वाहिन्यांचा वाद नवा नाही. २०२० मध्ये मोलेच्या अरण्यातून जाणाऱ्या चारशे किलोव्होल्टच्या वाहिनीविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले. ते आंदोलन झाडांसाठी आणि वन्यजीवांसाठी होते. त्याचा पेशींवरील परिणामांशी संबंध नव्हता आणि तसा तो कोणी जोडूही नये. अरण्य तोडण्याला विरोध करण्यासाठी अरण्य हेच पुरेसे कारण आहे. त्याला कर्करोगाच्या भीतीचा टेकू लागत नाही. उलट अप्रमाणित भीतीचा टेकू घेतला, की तो निखळताच मूळचा रास्त दावाही कोसळतो. जनआंदोलनाच्या कार्यकर्त्यांनी हे ध्यानी धरले पाहिजे.

वीज खात्यानेही आपल्या बाजूचा धडा घ्यावयास हवा. रोहित्र घरालगत उभे राहते, तेव्हा शेजारची गृहिणी विचारते, ‘यापासून माझ्या मुलांना काही होणार नाही ना?’ तिला कोणी सांगत नाही, की येथे इतके मायक्रोटेस्ला आहे, आंतरराष्ट्रीय मर्यादा इतकी आहे आणि दोन पावले दूर गेल्यावर ते इतके उतरते. हे मोजणारे उपकरण हातात मावते. नव्या वाहिनीच्या आणि रोहित्राच्या परिसरातील, विशेषतः शाळा, रुग्णालये आणि निवासी इमारती येथील क्षेत्र मोजून ते आकडे खात्याने लोकांसमोर ठेवावेत, अशी आमची स्पष्ट मागणी आहे. जे मोजता येते, त्याविषयी ‘काही होत नाही’ असे हात हलवून सांगणे हा अधिकाऱ्याचा उद्धटपणा आहे. आणि जे मोजता येते, त्याविषयी न मोजताच घबराट पसरविणे हा पुढाऱ्याचा बेजबाबदारपणा आहे.

एका गोष्टीचा विसर मात्र कोणालाही पडू नये. विजेचा जो परिणाम पेशीवर निःसंशय होतो, तो तारेच्या स्पर्शाने. आपल्या देशात विजेच्या धक्क्याने दरवर्षी दहा हजारांहून अधिक माणसे प्राणास मुकतात. पावसाळ्यात तुटून पडलेली तार, भाताच्या खाचरात उतरलेला प्रवाह, गंजलेल्या खांबाला टेकलेला हात, भूसंपर्क नसलेली घरातील यंत्रे यांना कोणत्याही प्रयोगशाळेच्या साक्षीची गरज नाही. तेथे हृदयाची पेशी आपली लय क्षणात विसरते. अदृश्य क्षेत्राची चिंता करणाऱ्या समाजाने दृश्य तारेकडे डोळेझाक करावी, यासारखी विसंगती नाही. गावातील लोंबकळणाऱ्या तारेविषयी जेवढी निवेदने गेली पाहिजेत तेवढी जात नाहीत आणि गेलेल्या निवेदनांची दखल घेतली पाहिजे तेवढी घेतली जात नाही.

शास्त्र आपल्याला संपूर्ण अभय देत नाही आणि भय बाळगण्यास कारणही पुरवीत नाही. ते देते मोजपट्टी. पेशीने आजवर दिलेल्या साक्षीचा सारांश एवढाच, की घरगुती क्षेत्रांनी तिला अपाय होतो हे पुनःपुन्हा पाहूनही सिद्ध झालेले नाही; एक क्षीण संशय उरला आहे आणि त्यासाठी स्वस्त खबरदारी पुरेशी आहे. नागरिकाने भीतीऐवजी आकडा मागावा आणि शासनाने आश्वासनाऐवजी आकडा द्यावा. एवढे झाले तर पुढची वाहिनी वस्तीजवळ येईल, तेव्हा तिच्याविषयीचा वाद निदान अंधारात होणार नाही.